आभाळातून दगड पडला आणि त्याचा अर्थ छापून आला

७ नोव्हेंबर १४९२ची दुपार. एन्सिसहाइम हे गाव आज फ्रान्सच्या पूर्व टोकाला आहे, तेव्हा ते जर्मन मुलखात होतं. अचानक आभाळात गडगडाट झाला आणि गावाबाहेरच्या गव्हाच्या शेतात एक भलामोठा काळा दगड येऊन आदळला. तो पडताना एका पोरानं पाहिला. बातमी कळताच गाव लोटलं आणि जो तो दगडाचा तुकडा फोडून घरी न्यायला लागला. शेवटी अंमलदारानं मध्ये पडून ही फोडाफोड थांबवली. दगडाचं वजन भरलं सव्वाशे किलोच्या वर.

आपण याला उल्का म्हणू आणि पुढे जाऊ. पण त्या वर्षी बाझल शहरात जे घडलं ते दगडाइतकंच जपून ठेवण्यासारखं आहे. तिथे सेबास्टियन ब्रांट नावाचा कायद्याचा प्राध्यापक राहत होता. तो कवीही होता. त्यानं या घटनेवर एक कागद छापून घेतला. वर चित्र: ढग फाटलेत, ज्वाळांच्या रेघांमधून दगड खाली येतोय, बाजूला गाव. चित्राखाली लॅटिन कविता, तिच्या जोडीला जर्मन कविता आणि तळाशी जर्मनांच्या राजाला, माक्सिमिलियानला, उद्देशून मजकूर. मजकुराचा आशय असा, की महाराज, हा दगड तुमच्यासाठी शुभशकुन आहे, आता फ्रेंचांवर चालून जा.

दगडाचा आणि फ्रेंचांचा काय संबंध? संबंध होता तो माक्सिमिलियानच्या ताज्या अपमानाशी. त्याचं ब्रिटनी या फ्रान्सलगतच्या संस्थानाच्या ॲनशी प्रतिनिधीमार्फत लग्न लागलं होतं. तिला फ्रान्सच्या राजानं १४९१च्या डिसेंबरात स्वतःची राणी करून टाकलं. वर माक्सिमिलियानची मुलगी, जिचं याच फ्रेंच राजाशी लग्न ठरलं होतं, ती नाकारली गेली. बायकोही गेली आणि जावईही गेला. सूड घ्यायची इच्छा राजाच्या मनात होतीच. ब्रांटनं आभाळातला दगड उचलून त्या इच्छेच्या पारड्यात टाकला. त्याच महिन्यात राजा स्वतः एन्सिसहाइमला येऊन गेला. दगड चर्चमध्ये टांगून ठेवा, असा हुकूम त्यानं दिला. ब्रांटच्या कागदाची नक्कल दुसऱ्या शहरांतल्या छापखान्यांनी भराभर छापली.

बातमी, चित्र, कविता आणि 'याचा अर्थ काय घ्यायचा' हे सगळं एकाच पानावर. पुढची दोनशे वर्षं जर्मन भाषक प्रदेशात असे हजारो कागद निघाले. आज जर्मनमध्ये त्यांना 'फ्लुगब्लाट' म्हणतात, म्हणजे उडतं पान. हे नाव मात्र बरंच नंतर, अठराव्या शतकात पडलं. त्या काळचे लोक त्यांना 'नॉये त्साइटुंग' म्हणत. त्साइटुंग म्हणजे तेव्हा नुसती 'खबर'. आज त्याच शब्दाचा अर्थ 'वर्तमानपत्र' असा झाला आहे. मी इथे त्यांना सचित्र पत्रक म्हणेन.

पत्रक म्हणजे एका बाजूनं छापलेला एकच मोठा कागद, साधारण आजच्या ए-३ एवढा. वर ठळक मथळा, मध्ये चित्र, खाली दोन-तीन रकान्यांत मजकूर, बहुतेकदा यमक जुळवलेला. मथळ्यात 'खरीखुरी', 'सत्य', 'हुबेहूब' असे शब्द हमखास असत. वासराला साधूचा झगा फुटला, ही खबरही 'सत्य' म्हणूनच छापून येई.

हा कागद तयार कसा होत असे, हे समजून घेतलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. सुरुवातीची दीडशेएक वर्षं चित्र लाकडी ठशावर कोरलं जाई. चित्रकार गुळगुळीत फळीवर उलटं चित्र काढी. मग कोरक्या, ज्याला जर्मनमध्ये 'फॉर्मश्नायडर' म्हणत, रेघा सोडून बाकीचं लाकूड खरवडून काढी. रेघा उंच राहत आणि त्यांवरच शाई लागे. छापखान्यातले शिशाचे खिळेही असेच उंच असतात, अक्षराच्या भागावर शाई धरणारे. त्यामुळे लाकडी ठसा आणि जुळवलेले खिळे एकाच चौकटीत कसायचे, एकदाच शाई फिरवायची, एकदाच दाब द्यायचा आणि चित्र-मजकूर एका दमात कागदावर. काम झटपट आणि स्वस्त. नंतर एक कारागीर कापलेल्या साच्यावरून ब्रश फिरवून लाल, पिवळे, हिरवे रंग भरी. हे रंगारी स्वतःच पत्रकं विकतही असत.

इसवी सन १६००च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रं आली. इथे उलटा प्रकार आहे. रेघ खोल कोरायची, त्या खाचेत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि मग भक्कम रुळाखालून कागद काढायचा, म्हणजे तो खाचेतली शाई ओढून घेतो. रेघ केसासारखी बारीक येते. चेहरे ओळखू येतात, शहरातली एकेक खिडकी दाखवता येते. पण खिळ्यांबरोबर एका दाबात हे छापता येत नाही. चित्राला एक फेरी, मजकुराला दुसरी. शिवाय तांब्याचा पत्रा लाकडी ठशापेक्षा लवकर झिजतो. म्हणून सतराव्या शतकातली पत्रकं दिसायला नाजूक आणि देखणी आहेत, आणि ती छापायला जास्त खटपट पडत असे. या धंद्याची मोठी केंद्रं होती न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबर्ग. व्यापाराच्या वाटा तिथून जात आणि त्या वाटांनी बातम्या येत.

वाचता येणारे लोक थोडे होते. शहरांत त्यांचं प्रमाण बरं होतं, खेड्यांत नगण्य. मग हे कागद खपत कसे? ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची आणि बाकीचे चित्र बघत ऐकत. जत्रेत, चर्चबाहेर, गुत्त्यात फेरीवाला उभा राहून मजकूर गाऊन दाखवी. पुष्कळ पत्रकांवर 'अमुक गाण्याच्या चालीवर' असं छापलेलंच असे. यमकं होती ती यासाठी. एकदा ऐकलेलं कडवं माणूस घरी घेऊन जातो. कागद मात्र भिंतीवर चिकटवला जाई, दारावर ठोकला जाई, पुढे फाटे किंवा कशाच्या तरी पुड्या बांधायला जाई. आज कित्येक पत्रकांची जगात एकेकच प्रत उरली आहे. झुरिचच्या योहान याकोब विक नावाच्या धर्मोपदेशकाचे यासाठी आभार मानावेत तेवढे थोडे. १५६० ते १५८७ या काळात त्यानं हाती येईल ती पत्रकं, पत्रं, खबरी जमवून २४ जाडजूड खंड बांधले. धूमकेतू, खून, पूर, लढाया, सगळं त्यात आहे. विकला हे छंद म्हणून करायचं नव्हतं. जगाचा अंत जवळ आलाय आणि त्याच्या खुणा नोंदवून ठेवणं आपलं काम आहे, अशी त्याची श्रद्धा होती.

इथे गोव्याचा एक धागा येतो, तो सोडवत नाही. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान मुजफ्फर शाह दुसरा यानं परवानगी दिली नाही. मात्र वकिलांना रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून भेटी दिल्या आणि त्यात एक जिवंत गेंडा होता. अल्बुकर्कनं तो १५१५च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढवला. २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. युरोपनं हजारएक वर्षांत गेंडा पाहिला नव्हता. कुणीतरी त्याचं रेखाटन आणि वर्णन न्यूरेंबर्गला पाठवलं. तेवढ्यावरून आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकारानं लाकडी ठशाचं चित्र केलं. वर पाच-सहा ओळींचा मजकूर, खाली गेंडा. ड्यूररनं ते जनावर कधीच पाहिलं नाही. त्याच्या गेंड्याच्या अंगावर लोखंडी चिलखतासारखे पत्रे आहेत, पायांना खवले आहेत आणि मानेजवळ पाठीवर एक जादाचं छोटं शिंग आहे. तरी पुढची अडीचशे वर्षं युरोपचा गेंडा हाच राहिला. पोर्तुगीज त्याला 'गांदा' म्हणत. हा शब्द त्यांना इथेच मिळाला, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पोर्तुगालच्या राजानं तो पुढे पोप लिओ दहावा याला नजराणा म्हणून पाठवला, पण वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडानं बांधलेला तो बिचारा प्राणी बुडून मेला. पोप लिओ हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा लागणार आहे.

दोनच वर्षांनी, १५१७ साली, मार्टिन ल्यूथरनं पोपच्या पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले आणि जर्मनी दोन तट पडून भांडू लागला. पत्रकांना खरी धार इथून चढली. ल्यूथरचा मित्र लुकास क्रानाख हा विटेनबर्गचा चित्रकार. त्याच्या कारखान्यात १५२१ साली चित्रांच्या जोड्या तयार झाल्या: एका बाजूला येशू शिष्यांचे पाय धुतोय, दुसऱ्या बाजूला राजेलोक पोपच्या पायांचं चुंबन घेतायत. एका बाजूला काट्यांचा मुकुट, दुसऱ्या बाजूला पोपचा तिहेरी रत्नजडित मुकुट. निरक्षर माणसालाही हे एका नजरेत कळतं. १५२३ साली ल्यूथर आणि त्याचा सहकारी मेलांख्टन यांनी दोन विचित्र जनावरांवर पुस्तिका काढली. त्यात फ्रायबर्गला जन्मलेलं एक विकृत वासरू होतं. त्याच्या मानेभोवतीची कातडी साधूच्या टोपीसारखी लोंबत होती. देव साधूसंघावर रागावल्याची ही खूण, असा अर्थ लावला गेला. एन्सिसहाइमच्या दगडाची रीत तीच, जनावर वेगळं.

दुसरी बाजूही गप्प नव्हती. १५२९ साली कॅथलिक पंडित कोख्लेउस यानं सात तोंडांचा ल्यूथर चितारून घेतला. एका झग्यातून सात मुंडकी बाहेर आलेली. एक डॉक्टरची टोपी घातलेलं, एक साधूचं, एक डोक्याभोवती गांधीलमाश्या घोंघावणारं, आणि शेवटचं हातात सोटा घेतलेल्या दरोडेखोर बराब्बासचं. प्रत्येक तोंड वेगळं बोलतं, मग विश्वास कुणावर ठेवायचा, हा सवाल. लवकरच न्यूरेंबर्गहून त्याला उत्तर गेलं: सात तोंडांचा पोपशाही राक्षस. मध्यभागी क्रुसावर येशूच्या जागी पापमुक्तिपत्र टांगलंय, त्यावर लिहिलंय 'पैसे द्या, पोतंभर माफी न्या'. त्याखाली वेदीवर पैशाची पेटी आणि पेटीखालून डोकावणारा सैतान. कविता हान्स साक्स या चांभारकवीची. मला हे दुसरं पत्रक अधिक जमलेलं वाटतं. पहिल्यात नुसता आरोप आहे. दुसऱ्यात पैशाचा मार्ग दाखवलाय, कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो.

हान्स साक्सला या उद्योगाची झळही बसली. १५२७ साली पोपविरोधी चित्रांच्या एका पुस्तिकेसाठी त्यानं कविता लिहिल्या तेव्हा न्यूरेंबर्गच्या नगरसभेनं प्रती जप्त केल्या. साक्सला बजावलं: तू आपली चामड्याची कामं आणि जोडे शिवणं पाहा, असल्या कविता लिहू नकोस. ही सभा स्वतः ल्यूथरच्या बाजूची होती, तरीही. शहरावर कॅथलिक सम्राटाची सत्ता होती आणि त्याची नाराजी व्यापाराला परवडणारी नव्हती.

यावरून एक गोष्ट कळते. जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. 'पवित्र रोमन साम्राज्य' या एका छत्राखाली शेकडो संस्थानं होती: राजे, सरदार, बिशप, स्वतंत्र शहरं. प्रत्येकाचा कायदा वेगळा, धर्म वेगळा. एका शहरात बंदी आली की छापणारा चार कोसांवरच्या दुसऱ्या शहरात खिळे जुळवायला मोकळा. १५३०च्या फर्मानानं प्रत्येक कागदावर छापणाऱ्याचं आणि गावाचं नाव सक्तीचं केलं. १५७० साली तर छापखाने फक्त मोठी स्वतंत्र शहरं, राजधान्या आणि विद्यापीठांची गावं इथेच चालतील असं ठरलं. कागदावर नियम कडक होते. आणि राजकीय पत्रकं उघडून पाहिली तर तळाशी बहुतेकदा एवढंच असतं: 'छापले, सन १६२१'. नाव नाही, गाव नाही. फ्रान्स-इंग्लंडसारख्या एकछत्री राज्यांत हे इतकं सोपं नव्हतं. पत्रकांचं पीक जर्मनीतच एवढं का आलं, याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हा तुकड्यातुकड्यांचा नकाशा आहे.

१६०५ साली स्ट्रासबर्गच्या योहान कारोलुसनं छापील साप्ताहिक सुरू केलं. जगातलं पहिलं वर्तमानपत्र म्हणतात ते हेच. आधी तो गिऱ्हाइकांना हातानं लिहून खबरी पाठवत असे. त्यात वेळ फार जाई, म्हणून त्यानं छापायला सुरुवात केली. या वर्तमानपत्रात चित्र नाही, कविता नाही, टीका नाही. 'प्राग, अमुक तारीख' आणि मग कोरडी खबर. मग पत्रकं संपली का? उलट पुढची तीस वर्षं त्यांचा सुवर्णकाळ ठरली. दोघांची कामं वेगळी होती. वर्तमानपत्र सांगे काय झालं. पत्रक सांगे, झालं त्याचं तुम्ही काय समजायचं, कुणावर रागवायचं, कुणासाठी रडायचं.

पत्रक वाचायचं कसं, हे १६१७च्या एका नमुन्यावरून बघू. ल्यूथरच्या मुद्द्यांना शंभर वर्षं झाली तेव्हा हे निघालं. ल्यूथरच्या राजाला, सॅक्सनीच्या फ्रेडरिकला, घटनेच्या आदल्या रात्री पडलेलं स्वप्न असा विषय. डावीकडे ल्यूथर विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर अक्षरं लिहितोय. त्याच्या हातातलं पीस इतकं लांब आहे, की त्याचं दुसरं टोक पार रोमपर्यंत पोहोचलंय. तिथे एक सिंह बसलाय. पीस त्याच्या कानात घुसून बाहेर पडतं आणि शेजारी उभ्या पोपच्या डोक्यावरचा मुकुट कलंडवतं. सिंह का? कारण लॅटिनमध्ये लिओ म्हणजे सिंह. ज्याच्याकडे निघालेला गेंडा समुद्रात बुडाला तोच हा लिओ. मजकुरात आणखी एक खोच: हे पीस शंभर वर्षांच्या बोहेमियन, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, हंसिणीचं आहे. चेक भाषेत हंसिणीला 'हुस' म्हणतात, आणि १४१५ साली चर्चनं जिवंत जाळलेल्या चेक सुधारकाचं नाव होतं यान हुस. म्हणजे ज्याला तुम्ही जाळलंत त्याच्याच पिसानं आम्ही लिहितोय. एवढं सगळं एका पिसात. शाळेत न गेलेल्याला मुकुट पडताना दिसतो, थोड्या शिकलेल्याला सिंहाची कोटी कळते, जाणकाराला हंसीण सापडते. प्रत्येकाला आपापल्या पायरीवर उभं करणारी ही रचना मला फार मोलाची वाटते.

वर्षभरातच तीस वर्षांचं युद्ध पेटलं. २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणाऱ्या, सरदारांनी सम्राटाचे दोन अधिकारी आणि एक चिटणीस यांना खिडकीतून खाली फेकलं. तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले, माता मेरीनं अलगद झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, उकिरड्यावर पडले. मग बोहेमियाच्या सरदारांनी हायडलबर्गच्या तरुण फ्रेडरिक पाचवा याला राजा म्हणून बोलावलं. ४ नोव्हेंबर १६१९ला त्याचा राज्याभिषेक झाला आणि ८ नोव्हेंबर १६२०ला प्रागजवळच्या टेकडीवर एका लढाईत त्याचं राज्य गेलं. विरोधकांनी त्याला 'हिवाळी राजा' म्हटलं, बर्फाबरोबर वितळणारा. १६२१ची कॅथलिक पत्रकं त्याच्या मागे हात धुऊन लागली. त्याचा एक मोजा नेहमी खाली घसरलेला दाखवत. इंग्लंडच्या राजानं, म्हणजे त्याच्या सासऱ्यानं, त्याला मानाचा गार्टर दिला होता. गार्टर म्हणजे मोजा धरून ठेवणारा पट्टा. पळून जाताना तो प्रागलाच राहिला. मोजा घसरलेला दिसला की लोक ओळखत, हा तोच. एका पत्रकमालिकेत टपालवाला गावोगाव विचारत हिंडतो: एक हरवलेला राजा कुणी पाहिलाय का?

त्याच सुमारास सामान्य माणसाच्या थेट खिशावर घाला पडला. युद्धाला पैसा हवा म्हणून राजांनी टाकसाळी वाढवल्या आणि चिल्लर नाण्यांत चांदीच्या जागी तांबं मिसळायला सुरुवात केली. दलाल गावोगाव जात, तराजूत नाणी टाकत, जी जड म्हणजे चांदीची भरत ती काढून घेत आणि बदल्यात नवी चकचकीत हलकी नाणी देत. जुनी वितळवून पुन्हा तांबं घालून नवी पाडत. नव्यांचा चांदीचा मुलामा थोड्या दिवसांत उडे आणि खालचं तांबडं उघडं पडे. ज्यांची मजुरी चिल्लरीत मिळे ते बुडाले. भाव चढले, दुकानदार ती नाणी घेईनात. लोकांनी या दलालांना 'किप्पर' आणि 'व्हिप्पर' म्हटलं. व्हिप्पर म्हणजे तराजूची दांडी डोलवणारा. १६२१ ते १६२३ या काळातल्या पत्रकांत हा दलाल तराजू घेऊन बसलेला दिसतो आणि मागे सैतान उभा असतो. पण राग भलतीकडेही वळवला गेला. काही पत्रकांनी सरसकट ज्यू लोकांना दोषी धरलं, जरी नाणी पाडण्याचे हुकूम राजांचे होते. हे झाकून चालणार नाही. याच धंद्यानं १५५५ साली डेरेनबर्गला 'चेटकिणी' जाळल्याची चित्रं विकली होती, आणि ज्यूंविषयीच्या जीवघेण्या अफवाही ठसे कोरून पसरवल्या होत्या. चित्रात दिसलं म्हणजे घडलंच, असं मानणाऱ्या गर्दीच्या हाती हे कागद पडत होते.

आणि मग माग्डेबर्ग. २० मे १६३१ रोजी सेनापती टिलीच्या शाही सैन्यानं हे प्रोटेस्टंट शहर घेतलं. लूट, कत्तल, आणि आग. सुमारे २० हजार माणसं गेली. पुढच्या वर्षीच्या मोजणीत शहरात उरले होते ४४९. शहराच्या नावात 'माग्ड' म्हणजे कुमारी, आणि शहराच्या चिन्हात हातात फुलांचं कडं घेतलेली मुलगी. पत्रकं लिहिणाऱ्यांना हे आयतंच मिळालं. कॅथलिकांनी लिहिलं, हट्टी नवरीचं अखेर लग्न लागलं. नवरदेव कोण, तर ७२ वर्षांचा टिली. प्रोटेस्टंटांनी लिहिलं, कुमारिकेची विटंबना झाली. प्रोटेस्टंटांची बाजू माणुसकीला जवळची आहे, तरी दोन्ही कागद वाचताना माझा घसा कोरडा पडतो. त्या दिवशी त्या शहरात खरोखरीच्या बायका आणि मुलींवर जे गुदरलं त्याच्यासाठी चित्रात जागा नाही. जागा आहे ती चिन्हाला.

तीनच महिन्यांनी टिली सॅक्सनीत शिरला. सॅक्सनीचं मिष्टान्न आता चाखायचंय, असं काहीसं तो बोलल्याची वदंता पसरली. त्यावर सॅक्सनीच्या राजाचं उत्तरही सांगितलं जाई: या ताटात कठीण कवचाची फळंही असतात, दात जपा. १७ सप्टेंबर १६३१ला ब्राइटनफेल्डच्या मैदानात स्वीडनचा प्रोटेस्टंट राजा गुस्ताव्ह अॅडॉल्फनं टिलीचा दणदणीत पराभव केला आणि पत्रकांचा पूर आला. म्हातारा टिली मिठायांनी भरलेल्या टेबलाशी बसलाय आणि दाढ दुखून कळवळतोय. कुणी तर मिठाई टेबलावरून उचलताच त्याच्या बोटांवर फटके मारतंय. गुस्ताव्हला म्हणत 'मध्यरात्रीचा सिंह'. जुन्या जर्मनमध्ये मध्यरात्र म्हणजे उत्तर दिशा, जिथे जर्मनीतून सूर्य कधीच दिसत नाही. एका प्रकारच्या पत्रकात तो बाल्टिकच्या किनाऱ्यावर उतरतोय आणि ढगातून निघालेला एक हात त्याला तलवार देतोय. १६३२च्या नोव्हेंबरात ल्युट्झेनला तो मारला गेला. त्यानंतर पत्रकांचा ओघ आटत गेला. लोक थकले होते, धंदा बसला होता, आणि कुणाची बाजू घ्यावी असं फारसं कुणी उरलं नव्हतं.

शेवटी १६४८ साली, युद्ध संपवणाऱ्या म्यून्स्टर शहरातल्या तहाची खबर देणारं एक पत्रक निघालं. २४ ऑक्टोबरला तह झाला होता. पत्रकाची तारीख दुसऱ्या दिवसाची. चित्रात पुन्हा एक टपालवाला आहे, या वेळी घोड्यावर, तोंडाला शिंग लावून भरधाव निघालेला. वर आकाशात रोमन देवांचा दूत मर्क्युरी हातात पत्र घेऊन उडतोय, त्यावर एकच शब्द: 'पाक्स', शांतता. कीर्तिदेवता तुतारी फुंकतेय. १६२१चा टपालवाला हरवलेला राजा शोधत होता, याला कुणाला काही विचारायचं नाही. त्याच्या घोड्याच्या टापांखाली जमिनीवर मोडक्या तलवारी आणि फुटकी शस्त्रं पडली आहेत, आणि घोडा त्यांवरून पाय टाकत पुढे चाललाय.